राक्षस काल्पनिक, पण इजिप्त तर खरा आहे ना?

शिरस्त्राण

महिनाभर रात्री जागून फँटसी अ‍ॅक्शनपट पाहतोय. देव, राक्षस, काळ मागे फिरवणारे खंजीर, समुद्रातून वर येणारी अजस्र जनावरं. लहानपणापासून मला या प्रकाराचं वेड आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते या चित्रपटांवर जीव असलेल्या माणसाचं म्हणणं समजा.

इतिहासाची किंवा कलाकारांच्या निवडीची कुणी शंका काढली की एक उत्तर हमखास येतं: "फँटसी आहे हो, त्यात इतिहास कसला शोधताय?" उडते सर्प चालतात, मग नायक कुठला वाटतो याने काय बिघडतं? बरीच वर्षं मलाही हे पटायचं. आता पटत नाही, आणि त्याला कारण झाला 'गॉड्स ऑफ इजिप्त' (२०१६).

त्यातलं सगळ्यात अशक्य दृश्य आठवा. पृथ्वी सपाट आहे, म्हातारा सूर्यदेव रा आपल्या नौकेतून सूर्य ओढत नेतो आणि रोज अपोफिस नावाच्या महाकाय सर्पाशी झुंजतो. बघताना वाटतं, काहीच्या काही! पण प्राचीन इजिप्तच्या लोकांची श्रद्धा जवळपास हीच होती. रात्री रा पाताळातून नौकेने जातो, अपोफिस त्याची वाट अडवतो, आणि रा हरला तर सकाळ उगवणार नाही. राजांच्या थडग्यांच्या भिंतींवर हा प्रवास रंगवलेला आहे. म्हणजे चित्रपटातली जी गोष्ट सर्वांत अचाट, तीच मुळाला सर्वांत धरून. आणि नाईलकाठची माणसं नाईलकाठची दिसावीत, ही त्या मानाने किती सोपी गोष्ट! नेमकी तिथेच ढिलाई. सेत देवाचा नट स्कॉटिश, होरस देवाचा डॅनिश, मानवी नायकाचा ऑस्ट्रेलियन. कृष्णवर्णीय चॅडविक बोसमन थॉथ देव झाला होता, अर्धकंबोडियन एलोडी युंग हाथोर देवी झाली होती, पण कथेचा कणा त्यांच्याकडे नव्हता. प्रदर्शनाच्या तीन महिने आधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास आणि चित्रपट कंपनी लायन्सगेट यांनी या निवडीबद्दल जाहीर माफी मागितली. प्रोयास स्वतः इजिप्तमध्ये जन्मलेला, ग्रीक आईवडिलांचा मुलगा. त्यामुळे हे अज्ञानातून झालं असं मला म्हणवत नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीचा 'एक्झोडस: गॉड्स अँड किंग्ज' घ्या. यहुदी प्रेषित मोझेस झाला ख्रिश्चन बेल, इजिप्तचा राजा रामसेस झाला जोएल एजर्टन. त्यावरची मुख्य टीका चेहऱ्यांच्या वाटणीवर होती: राजघराणं गोरं, आणि नोकर, चोर, गुलाम सावळे नाहीतर काळे. दिग्दर्शक रिडली स्कॉटने आपली बाजू सांगितली ती पैशाची. एवढ्या खर्चाचा चित्रपट अनोळखी नावाच्या नायकावर उभाच राहत नाही. इजिप्त सरकारने इतिहासाचा विपर्यास म्हणून त्यावर बंदी घातली. बंदीच्या बाजूचा मी नाही, पण त्यामागचं दुखणं मला कळतं.

चित्रपट जेव्हा खऱ्या देशाचं नाव घेतो, त्याचे देव, त्याची लिपी, त्याचे पिरॅमिड घेतो, तेव्हा ते सगळं तो प्रेक्षकाला ओढायला वापरतो. मग त्या मातीतल्या माणसाला त्यात नाव असलेली भूमिका का मिळू नये? मी कागदावर दोन रकाने आखून हे चित्रपट परत पाहिले. एकात ज्यांना नाव आहे ते, दुसऱ्यात जे नुसते भाला धरून उभे आहेत ते. कलाकारांची निवड कशी झाली हे त्या दोन रकान्यांत लगेच दिसतं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जास्त हवी आहेत.


तळटीप

दोन रकान्यांची पद्धत आवडली. पण पैशाच्या मुद्द्याला इतक्या पटकन बाजूला सारू नका. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (२०१०) मध्ये इराणी राजपुत्र जेक जिलनहाल होता, यावरही बरीच टीका झाली. त्या चित्रपटाने जगभरात ३३ कोटी डॉलरच्या वर कमाई केली, आणि व्हिडिओ गेमवरच्या चित्रपटांत कमाईत तो कितीतरी वर्षं पहिला होता. निर्माता हा आकडा पाहणारच.


शिरस्त्राण

आकडा बरोबर आहे. पण त्याचा खर्च २० कोटी डॉलरपर्यंत होता, आणि तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा चित्रपटगृहांकडे जातो. पुढचा भाग निघालाच नाही. 'गॉड्स ऑफ इजिप्त'चा खर्च सुमारे १४ कोटी, जगभरची कमाई १५ कोटींच्या आसपास, म्हणजे तोटाच. '४७ रोनिन' (२०१३) तर याचं आणखी स्पष्ट उदाहरण. १७०३ साली जपानमध्ये ४७ बिनमालकाच्या सामुराईंनी आपल्या मृत धन्याचा सूड घेतला. त्यांच्या समाध्या टोकियोच्या सेंगाकुजी मंदिरात आजही आहेत. त्या कथेत कियानू रीव्ज बसावा म्हणून 'काई' नावाचं अर्धजपानी पात्र नव्याने घडवलं. त्या सत्तेचाळिसांत नसलेला माणूस नायक झाला, आणि हिरोयुकी सनादासारखा नट त्याच्या बाजूला उभा राहिला. खर्च १७ कोटींच्या पुढे, कमाई त्याहून कमी. ओळखीचा चेहरा घेतला की पैसा सुरक्षित, हा हिशेब सगळे म्हणतात तितका पक्का नाही.


रिकीब

मी रंगमंचासाठी चिलखतं आणि शस्त्रं बनवतो. घोडेस्वारीची थोडी सवय आहे. म्हणून वस्तूंबद्दल बोलतो, चेहऱ्यांचं तुम्ही बघा.

प्राचीन ग्रीस किंवा इजिप्त दाखवणाऱ्या चित्रपटात स्वाराच्या पायात रिकीब (खोगिराची पाय अडकवायची कडी) दिसली की जाणकार हसतात. बरोबरच आहे. रिकीब चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास दिसते आणि युरोपात सातव्या-आठव्या शतकात. अलेक्झांडरचे स्वार रिकिबीशिवाय लढले. पण आजच्या नटाला रिकिबीशिवाय भरधाव घोड्यावर बसवून हातात तलवार द्यायची म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. ती चूक मी माफ करतो.

शिरस्त्राणाचंही तसंच. ग्रीक शिरस्त्राणात डोळ्यांपुरती फट आणि तोंडाशी एक चीर राहते. तयार करून डोक्यावर घातलं की आपलाच आवाज कानात घुमतो आणि बाजूचं काही ऐकू येत नाही. नटाचा चेहरा त्यात पूर्ण जातो. म्हणून नायक पहिल्या पाच मिनिटांत शिरस्त्राण फेकतो आणि मागचे सैनिक शेवटपर्यंत घालून असतात. यात कपट नाही, कॅमेऱ्याची गरज आहे.

मला राग येतो तो फुकट केलेल्या चुकांचा. वायकिंग म्हटलं की शिंगांची शिरस्त्राणं. वायकिंग योद्ध्यांनी लढाईत तशी शिरस्त्राणं घातल्याचा पुरावा नाही. ती लोकांच्या डोक्यात पक्की बसली १८७६ साली, वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने केलेल्या वेशभूषेतून. म्हणजे एका रंगभूमीवाल्याचीच करामत, आणि दीडशे वर्षं झाली तरी ती पुसली जात नाही. साधं गोल शिरस्त्राण बनवायला शिंगांच्या शिरस्त्राणापेक्षा सोपं आणि स्वस्त. तरी शिंगंच मागतात.

अवांतर: 'द थर्टीन्थ वॉरियर' (१९९९) मध्ये वेगवेगळ्या शतकांतली शिरस्त्राणं एकाच टोळीच्या डोक्यावर आहेत. माझ्यासारख्याला ते बघवत नाही. पण त्यातला शेकोटीचा प्रसंग मी दहा वेळा पाहिला असेल. अरब प्रवासी इब्न फदलान रोज रात्री शेकोटीपाशी बसून त्या उत्तरेच्या लोकांचं बोलणं नुसतं ऐकतो. आधी काहीच कळत नाही, मग एखादा शब्द, मग अर्धं वाक्य, आणि एका रात्री तो त्यांच्या भाषेत उत्तर देतो. भाषा अशीच येते. शिरस्त्राणं चुकली आणि माणूस बरोबर आला, असं त्या चित्रपटाबद्दल मला वाटतं.


शिरस्त्राण

रिकीब, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा चांगला आहे. आणि बघा ना, तो इब्न फदलान खरा माणूस. ९२१ साली बगदादहून निघालेल्या खलिफाच्या दूतमंडळात होता. व्होल्गाकाठी त्याने नौकेसकट केलेला अंत्यविधी पाहिला आणि लिहून ठेवला. चित्रपटात तो झाला अँटोनियो बँडेरास, स्पॅनिश. आणि अस्सल इजिप्शियन ओमर शरीफ त्याच चित्रपटात सुरुवातीच्या छोट्या भूमिकेत. माझे दोन रकाने इथेही लागू होतात.


तळटीप

मी आणखी एक आक्षेप मांडतो. स्पार्टाचे तीनशे योद्धे इराणच्या सैन्याशी लढले त्यावरचा '३००' (२००६) इतका चुकीचा आहे की चुका मोजण्यात अर्थ नाही. स्पार्टाचे योद्धे उघड्या अंगाने लढले नाहीत. पण तो चित्रपट सांगतोय कोण? डिलिओस, जिवंत परतलेला एकमेव स्पार्टन. पुढच्या लढाईच्या आदल्या वेळी सैनिकांना चेतवायला तो ही गोष्ट सांगतो. असा माणूस शत्रूला राक्षस करणारच, आपल्या राजाला देव करणारच. मग इथे विपर्यास हाच विषय होत नाही का? जवळपास सगळं चित्रण निळ्या पडद्यासमोर झालं, आकाशसुद्धा खरं नाही, आणि ते खरं असल्याचा आवही चित्रपट आणत नाही.


शिरस्त्राण

हा आक्षेप मला सर्वांत जड जातो. निवेदक आपल्या बाजूचं सांगणार, मान्य. पण मग चित्रपटात कुठेतरी अशी फट हवी जिथून प्रेक्षकाला कळेल की हा माणूस फुगवून सांगतोय. मला ती दिसली नाही. इराणची जुनी राजधानी पर्सेपोलिस, तिथल्या शिल्पांत इराणचे राजे लांब दाढीचे, पायघोळ वस्त्रातले, शांत बसलेले आहेत. इथे इराणचा राजा झर्क्सिस म्हणजे ब्राझीलचा रोड्रिगो सांतोरो, दाढी नाही, अंगभर साखळ्या, माणसाहून कितीतरी उंच. इराणमध्ये यावर संताप झाला तो यामुळेच.

त्याहून मला लागतं ते दुसरंच. हिरोडोटस सांगतो की शेवटच्या दिवशी स्पार्टाच्या तीनशेंबरोबर थेस्पिआई गावचे ७०० जण स्वतःहून थांबले आणि मेले. एका लहान गावाचे सातशे! त्या गावाने आपली जवळपास सगळी लढणारी माणसं तिथे ठेवली. ते चित्रपटात नाहीत. स्पार्टाची शेती ज्यांच्या घामावर चालायची ते हेलट गुलामही नाहीत, आणि 'स्वातंत्र्य' हा शब्द मात्र वारंवार आहे. फुगवून सांगणारा निवेदक शत्रूला राक्षस करेल हे समजतं. आपल्याबरोबर मेलेल्यांना तो विसरत असेल, तर चित्रपटाने तरी विसरू नये.


अक्षरवेडी

इथे सगळे 'मूळ' हा शब्द वापरताहेत म्हणून राहवत नाही. मूळ म्हणजे कुठलं?

अल्लादीन घ्या. २०१९ च्या चित्रपटावेळी केवढा वाद झाला. अल्लादीन इजिप्तमध्ये जन्मलेला मेना मसूद, जास्मिन म्हणून नाओमी स्कॉट, जिच्या आईकडचं घराणं गुजराती. मग लोकांनी विचारलं, अरब राजकन्या अर्धभारतीय कशी? आता मुळाकडे जा. 'अरेबियन नाइट्स'च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अल्लादीन नाहीच. अलेप्पोच्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये ती गोष्ट आंत्वान गालांला सांगितली आणि गालांने ती आपल्या फ्रेंच भाषांतरात घातली. आणि कथेत अल्लादीन राहतो कुठे? चीनमध्ये. पण त्या चीनमध्ये सुलतान आहे, वजीर आहे, सगळी नावं अरबी. सीरियाच्या माणसाने फ्रेंच माणसाला सांगितलेला कल्पनेतला चीन! यात अस्सल नट कोणता शोधणार?

ग्रीक महाकवी होमरही तसाच. 'इलियड' इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या आसपासचं, आणि त्यातलं ट्रॉयचं युद्ध त्याच्या चार-पाचशे वर्षं आधीचं. दहाव्या सर्गात रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण येतं, तशी शिरस्त्राणं मायसिनीकालीन (म्हणजे त्या युद्धाच्या काळच्या) थडग्यांत खरोखर सापडली. हा तपशील अस्सल. पण त्याच काव्यात वीरांना चितेवर जाळतात, आणि मायसिनीचे लोक मुख्यतः पुरत. रथ असतात, पण वीर त्यातून रणभूमीवर येतात, उतरतात आणि पायी लढतात. रथावरची लढाई कशी होती हे होमरच्या काळापर्यंत लोक बहुधा विसरले होते. म्हणजे काळांची सरमिसळ महाकवीनेही केली. चित्रपटवाल्यांना आपण वेगळा न्याय का लावतो?


उत्तरवारा

अक्षरवेडी यांच्याशी सहमत. आणि शिरस्त्राण, एक सरळ प्रश्न. 'थॉर' (२०११) मध्ये नॉर्स (स्कँडिनेव्हियन) देव हाइमडालची भूमिका इद्रिस एल्बाने केली. जुन्या नॉर्स काव्यात हाइमडालला देवांमधला सर्वांत गोरा असं शब्दशः म्हटलंय. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांना वंशवादी म्हटलं गेलं. सेत स्कॉटिश झाला की अन्याय आणि हाइमडाल काळा झाला की प्रगती, हे दोन मापं वापरणं नाही का? मी भांडायला विचारत नाही. मला खरंच याचं उत्तर हवंय.


शिरस्त्राण

प्रश्न रास्त आहे. दोन दिवस विचार केला.

'थॉर'मधले देव, म्हणजे आस्गार्डवासी, हे परग्रहावरचे लोक आहेत, चित्रपट स्वतःच तसं सांगतो. कॉमिकमधून आलेलं जग आहे, नॉर्वे नाही. पण नुसतं एवढं सांगून सुटका करून घेणं मला पटत नाही, कारण मग 'गॉड्स ऑफ इजिप्त'वालाही म्हणेल की आमचा इजिप्त आमचा.

म्हणून अँड्रोमेडाकडे बघू. ग्रीक कथेत अँड्रोमेडा इथिओपियाच्या राजाची मुलगी. रोमन कवी ओव्हिड तिला स्पष्ट सावळी म्हणतो, तिला वाचवणाऱ्या पर्सिअसला तिचा रंग आवडला असंही म्हणतो. 'क्लॅश ऑफ द टायटन्स' १९८१ चा बघा, २०१० चा बघा, दोन्हींत ती गोरी. यावर वर्तमानपत्रांत रकाने भरल्याचं मला आठवत नाही. तीच गोष्ट मेम्नॉनची. इथिओपियाचा राजा, ट्रॉयच्या मदतीला आलेला, अकिलीसच्या हातून मेलेला मोठा वीर. ट्रॉयवरच्या मोठ्या चित्रपटात त्याला जागाच नाही. आणि त्याच 'क्लॅश'मध्ये समुद्रराक्षसाचं नाव क्राकेन, जो नॉर्वेकडचा. ग्रीक कथेतला तो केटोस.

एका दिशेने शंभर वर्षं पाणी वाहत आलं, ते आपल्याला दिसेनासं झालं. उलट्या दिशेने एक घागर ओतली की ती दिसते. हाइमडाल गोरा होता हे मी मान्य करतो, तो बदल आहे हेही मान्य करतो. पण गोऱ्या नटांना देव व्हायला त्या एका भूमिकेमुळे कमी संधी मिळाली असं झालेलं नाही. इजिप्शियन नटांचं तसं नाही. त्यांना स्वतःचे देवसुद्धा मिळत नाहीत. मापं दोन वाटतात ती यामुळे. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. मलाही हे शंभर टक्के बिनतोड उत्तर वाटत नाही.


उत्तरवारा

अँड्रोमेडाचं माहीत नव्हतं. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं असं, की उद्या परिस्थिती समान झाली तर हाइमडालबद्दल तुम्ही वेगळं बोलाल. मग तत्त्व कुठलं राहिलं?


सावळी

मी इतके दिवस नुसती वाचत होते.

तुमच्या चर्चेत एक पळवाट सगळ्यांना मिळते: देश खरा की खोटा. म्हणून ज्यात देशच पूर्ण कल्पित आहे असा चित्रपट घेऊ. 'बाहुबली' (२०१५). माहिष्मती हे नाव जुनं आहे, पण पडद्यावरचं राज्य लेखकाच्या डोक्यातलं. तिथे इतिहासाचं बंधन नाही, उत्खनन नाही, कुणी प्राध्यापक चुका काढणार नाही. दिग्दर्शकाला वाटेल ते करता येतं. आणि तिथे काय केलं? कालकेय. कुळकुळीत काळे, किडके दात, अंगावर जनावरांची कातडी. त्यांच्यासाठी मदन कार्कींनी किलिकी नावाची अख्खी भाषा रचली, सुमारे ७५० शब्द आणि व्याकरणाचे नियम. एवढी मेहनत! ती भाषा ऐकताना मी थक्क झाले. पण भाषेवर इतका विचार करणाऱ्या लोकांनी कातडीच्या रंगावर मिनिटभर विचार केला नसेल का? मोकळं रान मिळाल्यावर माणसाने राक्षसाला कुठला रंग दिला, यातूनच खरं काय ते कळतं.

आता मूळ पाहा. महाभारतात कालकेय हे दानव, अर्जुन त्यांना मारतो. तो अर्जुन कसा? सावळा. द्रौपदीचं एक नावच कृष्णा. व्यास कृष्ण द्वैपायन. आपल्या महाकाव्याच्या मध्यभागी सावळी माणसं आहेत, आणि पडद्यावर येईपर्यंत ती उजळतात, उरलेला काळा रंग दानवांकडे जातो.

हे मी लांबून बोलत नाहीये. हौशी नाटकांत नऊ वर्षं काम केलं. पौराणिक नाटक आलं की मला शूर्पणखा, हिडिंबा नाहीतर त्राटिका. एकदा द्रौपदीसाठी वाचन दिलं. वाचन चांगलं झालं असं दिग्दर्शकच म्हणाले. मग म्हणाले, "पण द्रौपदी दिसायला हवी ना." मी त्यांना सांगितलं की तिचं नाव कृष्णा आहे. ते म्हणाले, "प्रेक्षकांना ते चालत नाही." ती भूमिका जिला मिळाली ती माझी मैत्रीण, तिने छान केली. पण मी त्यानंतर पौराणिक नाटकांत काम केलं नाही.

म्हणून उत्तरवारा, तुमचं तत्त्व मला असं दिसतं: मुळात जी माणसं आहेत त्यांना आधी एकदा तरी पडद्यावर येऊ द्या. मग हवे ते बदल करा.


तळटीप

सावळी, हा प्रतिसाद वाचून माझे आधीचे दोन्ही मुद्दे मला फिके वाटायला लागले.


नीरव

फक्त चेहरे बरोबर घेऊन भागत नाही, हे मात्र नोंदवायला हवं. 'मुलान' (२०२०) मध्ये पडद्यावरचे सगळे प्रमुख कलाकार चिनी किंवा आशियाई वंशाचे. मग तरी चीनमध्ये लोक नाराज का झाले? मुलानचं काव्य उत्तर वेई काळाशी जोडलं जातं, म्हणजे चौथं ते सहावं शतक, आणि उत्तर चीन. चित्रपटात तिचं घर आहे तुलोऊ, मातीच्या भिंतींची प्रचंड गोल वास्तू. ती दक्षिणेतल्या फुजियान प्रांतातली, आणि मुलानच्या नंतर कित्येक शतकांनी बांधलेली. चिनी माणसाला ते लगेच खटकतं. पटकथा, दिग्दर्शन, वेशभूषा या सगळ्या जागी बाहेरची माणसं होती.

उलट 'ब्लॅक पँथर' (२०१८). त्यातला आफ्रिकी देश वकांडा कुठल्याच नकाशावर नाही. पण रूथ कार्टरने वेशभूषेसाठी खऱ्या जमातींचा अभ्यास केला. बासोथो लोकांच्या घोंगड्या, मासाईंच्या मण्यांचं काम, झुलू स्त्रियांची इसिचोलो नावाची टोपी. भाषा म्हणून दक्षिण आफ्रिकेतली खोसा वापरली. ती आली ती नट जॉन कानींमुळे, ती त्यांची मातृभाषा, आधीच्या चित्रपटात त्यांनीच ती सुचवली होती. नटाला बोलायला जागा दिली आणि अख्ख्या काल्पनिक देशाला भाषा मिळाली. रूथ कार्टरना २०१९ मध्ये त्यासाठी ऑस्कर मिळालं.

'द ग्रेट वॉल' (२०१६) या दोघांच्या मध्ये कुठेतरी. नायक मॅट डेमन म्हणून टीका झाली. पण दिग्दर्शक झांग यिमोऊ, राक्षस 'ताओतिए' हे शांग काळाच्या कांस्यपात्रांवरच्या मुखवट्यांचं नाव, आणि परदेशी लोक चीनमध्ये तोफेची दारू शोधायला येतात हेही बरोबर, कारण तोफेच्या दारूचं लिखित प्रमाण १०४४ च्या चिनी युद्धग्रंथात आहे. भिंत मात्र जशी दाखवलीय तशी त्यानंतरच्या मिंग काळातली.


अक्षरवेडी

नीरव यांच्या मुद्द्यात भर. इंग्लिश दिग्दर्शक पीटर ब्रूकच्या महाभारतात (नाटक १९८५, चित्रपट १९८९) भीष्म आफ्रिकेचे सोतिगी कुयाते, द्रोण जपानचे योशी ओइदा, अर्जुन इटलीचा, भीम सेनेगलचा, आणि द्रौपदी मल्लिका साराभाई. भारतात यावर कडाडून टीकाही झाली, आणि ती सगळी चुकीची नव्हती. पण कुयातेंचे भीष्म मी विसरू शकत नाही. शिडशिडीत उंच माणूस, अंग अजिबात न हलवता बोलतो, आणि प्रतिज्ञेचं ओझं त्याच्या खांद्यावर दिसतं. इथे हाइमडालसारखा प्रश्न मनात येत नाही. कारण एकाच रंगाला देवत्व आणि दुसऱ्याला दास्य, अशी वाटणीच त्यात नाही. तर शिरस्त्राण, तुमच्या रकान्यांना मी आता विरोध करत नाही. मूळ शोधणं अवघड आहे एवढंच माझं म्हणणं उरलं.


रिकीब

मी सावळी यांना सांगू इच्छितो, आमच्याकडे पुढच्या हंगामात पौराणिक नाटक आहे. चिलखतं मी करतोय. दिग्दर्शिकेला मी हा धागा वाचायला दिला. वाचन द्याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.


सावळी

कराल तर करा. नक्की सांगत नाही, पण वाचेन.


शिरस्त्राण

हे वाचून किती बरं वाटलं सांगता येत नाही.

एक उदाहरण राहिलं, ते लिहून टाकतो. 'द थीफ ऑफ बगदाद', १९४० चा. निळ्या पडद्यासमोर माणूस उभा करून त्याला आकाशात उडवायचं तंत्र मोठ्या चित्रपटात पहिल्यांदा वापरलं गेलं ते यात. '३००'चं सगळं आकाश तिथून आलंय. त्यात अबू नावाचा चोर पोरगा आहे साबू. म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा, जन्म १९२४ चा. तेरा वर्षांचा असताना पहिल्या चित्रपटात दिसला. बगदादचा राजा गोरा, राजकन्या गोरी, दुष्ट वजीर जर्मन नट. सगळा चित्रपट मात्र साबूच्या खांद्यावर आहे. राक्षसाला बाटलीत परत घालायला फसवतो तोच, मूर्तीच्या कपाळावरचा डोळा काढायला कोळ्याच्या जाळ्यावर चढतो तोच, आणि उडत्या गालिच्यावरून येऊन राजाचा जीव वाचवतो तोही तोच. राजकन्येशी लग्न राजाचं.

शेवटी राजा लोकांना सांगत असतो की हा मुलगा आता शिकेल, मोठा होऊन माझा वजीर होईल. अबू ते ऐकतो. आणि कुणाला न विचारता गालिच्यावर उडी मारून निघून जातो. खाली सगळा दरबार वर बघत राहतो. मी तो शेवट काल पुन्हा पाहिला. साबू हसतोय, हात हलवतोय, आणि गालिचा लहान लहान होत जातो.